सलीमचाचांचं दुकान पुन्हा उघडतंय

मंडळी, आज दुपारी फोन आला. आमच्या बचत गटाला किराणा दुकानासाठी सरकारी अनुदान मंजूर झालंय! एटापल्ली तालुक्यातलं आमचं गाव अगदी लहान. सलीमचाचा दुकान बंद करून मुलाकडे चंद्रपूरला गेले, तेव्हापासून मीठ आणायलाही आम्हाला एसटीची वाट बघावी लागते.

दुकान त्यांच्याच जुन्या जागेत सुरू करायचं आमच्या मनात होतं, म्हणून मी लगेच त्यांना फोन लावला.

"घ्या ना बेटा, तुमचंच हाय," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "सांजच्याले ओट्यावर अजून बसते का कोनी?"

"नाई चाचा. दुकानच बंद हाय, तं कोन बसन?"

"इथी सारं हाय बेटा. पोरगा, सून चांगले हायेत. पन दिवसभर कोनी मले हाक मारत नाई."

"मंग परत या ना. दुकान आम्ही चालवू, तुम्ही नुसते बसा."

"डाक्टर इथीच हाय माझा. पोरगा नाई सोडत," ते म्हणाले. "पन दुकान उघडान त्या दिवशी येतो. तेवढा एक दिवस गिऱ्हाईकाले माल मी देऊ का?"

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र रडू आवरलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण गाव सोडून शहरात राहतात. गावाहून फोन आला की तुम्ही सगळ्यात आधी काय विचारता?