महानंदाबाईंचा आरसा आणि माझी शिट्टी

अहमदपूरच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी शिट्टी तोंडाला लावली तोच व्हरांड्यातून हाक आली, "मुलींनो, रांगा!" सगळ्या मुली माझ्याकडे पाठ करून सरळ उभ्या राहिल्या. हाक देणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षिका महानंदाबाई कोरे हसत म्हणाल्या, "सर, ती शिट्टी ठेवा खिशात. लागली तर मागून घेईन की." बाईंच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आणि आधी तीच सकाळ आठवली, कारण पुढे शिट्टी त्यांनी खरोखरच मागून घेतली.

काही वर्षांनी बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. लातूरला ऑपरेशन झालं आणि बाई परतल्या त्या जेमतेम कुजबुजण्याएवढा आवाज घेऊन. आवाज परत येईल पण वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, रजा वाढवतील. त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन माझ्यापुढे हात केला. मी शिट्टी दिली. वर्गात ती एकदा फुंकायची आणि मग हळू शिकवायचं, असं सुरू झालं. बाईंचं ऐकू यावं म्हणून मुली पंखा बंद करायच्या. मार्चच्या उन्हात आमच्याकडे पंखा बंद करतात, याला प्रेमच म्हणायचं.

आवाज परतला, जरासा घोगरा होऊन. गळ्यावर व्रण राहिला. तो पदराखाली झाका, असं नातलग सुचवत. बाई म्हणायच्या, "ही माझी ठुशी हाय. सोन्याचा भाव बघता हीच परवडते."

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वाण म्हणून हातआरसे देऊ लागल्या. सोबत पाण्याचा पेला. मान थोडी मागे करा, आरशात बघत एक घोट गिळा, गळ्यात काही गोळा वरखाली होतो का ते पाहा. बायका बिचकल्या. सणासुदीला तो शब्द कशाला, असं एका आजींनी सुनावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, गाठ म्हंजे कॅन्सरच असं न्हाई. पण दाखवून तर घ्या. वेळेत सापडला तर लई माणसं बरी होतात. मी हाय की समोर." आजी जाताना दोन आरसे घेऊन गेल्या. बाईंचे यजमान शिवलिंगअप्पा धान्याच्या मोंढ्यात आडत चालवतात. "लोकं वाट्या देतात, आमच्या घरी आरसे वाटायलेत," असं कुरकुरत तेच लातूरहून आरशांची खोकी आणायचे. चाकूर, मुरूड, नांदेड, जिथून बोलावणं येईल तिथे बाई खोकं घेऊन एसटीने पोचत.

आमच्या हिनेही एक आरसा आणला. वाण बायकांचं, पण दाढी मी त्यात करू लागलो. एका सकाळी मान वर केली, आवंढा गिळला आणि कंठमण्याखाली एक गाठ वर सरकून खाली आली. घरी न सांगता बाईंकडे गेलो. त्यांनी गळा बघितला, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरून चालत न्हाई, सर. आधी सोनोग्राफी, मग सुईची तपासणी. मी येते सोबत."

कॅन्सरच निघाला. धाकटी लेक तेव्हा दहावीला होती. तिचा निकाल बघायला मी असेन का, एवढा एकच विचार डोक्यात फिरत असे. ऑपरेशनच्या दिवशी बाई आणि अप्पा सकाळपासून हिच्याजवळ बसून होते. शुद्धीवर आल्यावर बोलायला गेलो, तर आवाज फुटेना. बाईंनी पर्समधून माझीच शिट्टी काढून हातात ठेवली. "घ्या, आता तुमची पाळी." टाके ताणत होते, तरी हसू आलं आणि डोळेही भरले.

धाकटीचा निकाल मी पाहिला, पेढे मीच वाटले. आता ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. बाईंना आणि मला रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यावी लागते. त्यांचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही. "घेतली का?" "घेतली." "चहा अर्ध्या तासानं." फोन बंद.

बाई, तुमच्या पंच्याहत्तरीच्या सकाळी हा फोन यावा, शंभरीच्याही यावा. प्रकृती अशीच ठणठणीत राहो. आणि आज समारंभासाठी मैदानावर जमलेल्या तुमच्या सगळ्या मुलींना एकदा रांगेत उभं करा. हाक तुम्हीच द्या. शिट्टी मी खिशात ठेवली आहे.