दोन बाटल्यांची डबलबारी

गुणाजीबुवा चिंदरकरांच्या समोरच्या दोन दातांवर अख्खं भजनी मंडळ उभं होतं असं म्हटलं तर कुणाला हसू येईल, पण त्यात खोटं काही नाही. भोईवाड्याच्या चाळीतला हा माणूस. तरुणपणी गिरणीत लागला, गिरणी बंद पडल्यावर गिरगावच्या एका छापखान्यात पुस्तकं बांधत म्हातारा झाला. पण 'तुम्ही काय करता?' असं विचारलं तर ना गिरणी सांगणार, ना छापखाना. छाती पुढे काढून म्हणणार, "डबलबारीचा बुवा आहे मी."

डबलबारी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दोन बुवा, दोघांची दोन मंडळं, समोरासमोर बैठक. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. अभंग, गवळण होईपर्यंत सगळं सोवळ्यातलं. मग गजर लागतो, आणि त्यात एकमेकांची जी काही सालं काढतात ती ऐकायलाच निम्मा हॉल आलेला असतो. गुणाजीबुवांचा जन्माचा प्रतिस्पर्धी म्हणजे लालबागचे शामरावबुवा मेस्त्री. गुणाजींचा आवाज खडा, शब्द टिकलीसारखा बसणार. शामरावांचा गळा गोड आणि जीभ तिखट. दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा कधी प्यायला नव्हता, पण एकमेकांशिवाय दोघांचंही पान हलत नव्हतं.

अशा माणसाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आधी ब्रश करताना, मग नुसतं पेरू चावताना. दात हलतायत असा संशय आला तेव्हा बुवांनी आरशासमोर उभं राहून 'सावळे सुंदर' म्हणून पाहिलं आणि फटीतून वारा गेल्याचा भास होऊन त्यांना घाम फुटला. परळच्या दातांच्या इस्पितळात दात साफ करून घेतले, तिथे औषधी गुळणीची बाटली लिहून दिली. गुण आला, नाही असं नाही. हिरड्या बसल्या. पण जिभेची चव गेली. सुरमई काय नि पडवळ काय, सगळं सारखंच लागायला लागलं, आणि दातांवर तपकिरी छटा चढली ती वेगळीच. बुवांनी बाटली बंद केली. हिरड्या पुन्हा टम्म फुगल्या. इकडे आड, तिकडे विहीर. दात ठेवावेत तर जेवणातला राम जातो, जेवणात राम ठेवावा तर दात जातात आणि दातांबरोबर गाणंही.

त्या इस्पितळातच त्यांना डॉ. ऋग्वेदा तळपदे भेटल्या. गिरगावातल्या जुन्या घराण्यातली मुलगी, बोलायला शांत, कामाला चोख. त्रिफळा, बाभळीची साल आणि लवंग यांची गुळणी त्या तपासत होत्या. नेहमीच्या औषधी गुळणीसमोर ती टिकते का, एवढाच प्रश्न.

"आणि टिकली तर?" बुवांनी विचारलं.

"तर तुमच्यासारख्यांना जिभेच्या चवीवर पाणी सोडायला लागणार नाही," बाई म्हणाल्या. "पण टिकते की नाही हे मला आज माहीत नाही. म्हणून तर तपासायचं."

बुवांच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. हीच ती वाट! त्यांनी नुसतं स्वतःचं नाव दिलं नाही, हिरड्या दुखणारा मंडळातला प्रत्येक माणूस गोळा करून आणला. आणि बाहेर बाकावर पाहतात तर काय, शामरावबुवा आपल्या कोरससकट हजर. हिरड्यांना थोडाच पक्ष असतो!

पद्धत सोपी होती. बाटल्या दोन प्रकारच्या, एकीवर अ, दुसरीवर ब. रंग एक, पुदिन्याचा वास एक. कुठल्या अक्षरात काय आहे हे फक्त औषधविभागातल्या नूपुर मॅडमना ठाऊक. खुद्द ऋग्वेदाबाईंनाही नाही, म्हणजे हिरड्या तपासताना त्यांचं मन कुठे कलायला नको. कुणाला कुठली बाटली हे सोडतीने ठरलं. "रोज जसा ब्रश करता तसाच करा, वर दोनदा चूळ भरा, जास्तीचं काहीही करू नका," असं बाईंनी सगळ्यांना बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सोडतीत गुणाजीबुवांना ब आली, शामरावांना अ. पण गुणाजींच्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या हातातही अ आली होती, आणि तिथेच माशी शिंकली. इस्पितळाचा जिना उतरता उतरता बुवांची पावलं थबकली. आपला पखवाजवाला शामरावाच्या बाटलीत? आपला कोरस समोरच्या बारीत बसून टाळ्या वाजवणार? हे कुठल्या शास्त्रात बसतं? शामरावांच्याही मनात नेमकं हेच आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बुवांचं एकमत झालं आणि तिथल्या तिथे, जिन्यावरच, बाटल्यांची अदलाबदल झाली. सगळे चिंदरकरवाले ब, सगळे मेस्त्रीवाले अ. कुणाला यात काही चुकलं असं वाटलंच नाही, उलट बाईंच्या हातून झालेला घोळ आपण निस्तरला अशाच समाधानात सगळे घरी गेले.

आता आपली बाटली झाडपाल्याचीच, याबद्दल बुवांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांचा हिशेब असा, की डॉक्टर लोक आपलं औषध पहिलं मांडणार, तेव्हा अ म्हणजे औषधी आणि ब म्हणजे बाभूळ. मग बाभळीला जिंकवायला नको? मंडळात फर्मान सुटलं. दोनदा कशाला, पाचदा चूळ भरा. वर मीठ-हळदीने हिरड्या चोळा. सुपारी बंद. तिकडे लालबागेत शामरावांनीही असाच काहीसा हुकूम काढलाय अशी कुणकुण लागली, तेव्हा तर चुरस आणखी चढली.

घरात मात्र वेगळंच नाटक चाललं होतं.

"आमटीत मीठ घालूक इसारलंस काय गो?" बुवा बायकोला विचारत.

"घातलंय, भरपूर घातलंय," सुभद्राकाकू उसळून म्हणत. "तुमचीच जीभ मेलेली आसा."

वास्तविक ही खूण बुवांच्या ओळखीची होती. आधीच्या बाटलीने त्यांना हेच दिवस दाखवले होते. पण माणूस एकदा बाजू ठरवून बसला की त्याची जीभही त्याच्याच बाजूने साक्ष देते. बायकोचा हात म्हातारपणी बिघडला, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि ताटात वरून मीठ घेत राहिले.

अशात वडाळ्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी दोघांची बारी ठरली. बुवांनी ऋग्वेदाबाईंना अगत्याने बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. बाई खूष होत्या. दोन्ही गटांच्या हिरड्या झपाट्याने सुधारत होत्या. जरा जास्तच झपाट्याने, हे त्यांना खटकत होतं, पण अजून कारण सापडलं नव्हतं.

गजर लागला. पखवाज तापला. गुणाजीबुवांनी पेटीवरचा हात उचलून शामरावांकडे बोट केलं आणि खड्या आवाजात सोडलं,

"बाटली बदलली जिन्यावरती,
अख्खा कोरस ब-च्या भरती!
मीठ-हळदीने हिरडी घासू,
अ-वाल्यांचे करू हासू!"

हॉल उसळला. शिट्ट्या पडल्या. पहिल्या रांगेत टाळी देणारे दोन हात मात्र हवेतच थांबले.

बारी संपल्यावर बाई जवळ आल्या.

"बुवा, जिन्यावर बाटल्या खरंच बदलल्या?"

"सगळ्यांनी, मॅडम. एकजण सुटला नाही," बुवा अभिमानाने म्हणाले.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि सावकाश बोलल्या. "म्हणजे आत्तापर्यंतचं सगळं काम फुकट गेलं. हिरड्या बऱ्या झाल्या त्या बाटलीने, हळदीने की तुमच्या ईर्ष्येने, हे आता मला कसं कळणार? माझं जाऊ दे. तुम्हाला कसं कळणार, बुवा? उद्या कुठली गुळणी घेऊन दात वाचवणार आहात तुम्ही?"

शामरावाला हरवण्याच्या नादात त्यांनी फसवलं होतं ते गुणाजी चिंदरकराला. ज्या एका वाटेने दात आणि चव दोन्ही वाचायची आशा होती, ती वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली होती, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

काम रद्दच झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी नूपुर मॅडमनी अक्षरांचा उलगडा केला. ब म्हणजे औषधी गुळणी. झाडपाल्याची अ, शामरावांकडे! ज्या बाभळीसाठी बुवांनी रान उठवलं होतं, ती त्यांच्या जिभेला शिवलीसुद्धा नव्हती. घरी जाऊन त्यांनी सुभद्राकाकूंची आधी माफी मागितली. काकूंनी ऐकून घेतलं आणि आमटीची वाटी जरा आपटूनच पुढे ठेवली.

पण गुणाजीबुवा हरून बसणाऱ्यातले नव्हेत, आणि इथेच हा माणूस मला आवडतो. चूक केली तीही दणक्यात आणि निस्तरली तीही दणक्यात. संध्याकाळी ते लालबागला गेले आणि आयुष्यात प्रथमच शामरावांच्या दारात उभे राहिले.

"भांडायला आलायस?" शामरावांनी विचारलं.

"नाय. तुझ्या कोरसवर पहारा ठेवायला आलोय," गुणाजी म्हणाले. "आणि तू माझ्यावर ठेव."

बेत साधा होता. बाईंना सगळं पुन्हा करायला लावायचं. मधे काही दिवस कुणी कुठलीच गुळणी घ्यायची नाही, म्हणजे पहिल्या फेरीचा असर धुऊन जाईल. सोडत निघेल ती मान्य. पण चिंदरकरांच्या माणसांवर मेस्त्रींची नजर आणि मेस्त्रींच्या माणसांवर चिंदरकरांची. कुणी हळद लावली, कुणी चूळ वाढवली, कुणी बाटली बदलली, की समोरचा मंडळवाला त्याला उचलून बाईंसमोर उभा करणार. वैऱ्याइतका जागा पहारेकरी दुसरा कुठला? शामरावांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

अशा चाचण्यांना मान्यता देणाऱ्या इस्पितळाच्या समितीची परवानगी पुन्हा मिळवताना ऋग्वेदाबाईंना मनस्ताप झाला, वरिष्ठांचे चार शब्द ऐकावे लागले. "हीच माणसं पुन्हा घेणार?" असं त्यांना विचारलं गेलं. "हीच," बाई म्हणाल्या, "आता यांच्याइतकं कडक कुणी नाही." नूपुर मॅडमनी नव्या बाटल्या भरल्या, अक्षरंही नवी दिली.

दुसरी फेरी बुवांना जड गेली. स्पर्धेत उतरायचं आणि जिंकण्यासाठी काहीच करायचं नाही! हळदीचा डबा समोर दिसला की हात शिवशिवत. दात हलतायत का हे जिभेने चाचपायचे, पण वरकड उपाय काही करायचे नाहीत. एकदा सकाळी त्यांच्याच झांजवाल्याने गॅलरीत मीठ हातावर घेतलं, तर समोरच्या दुकानात चहा पीत बसलेला शामरावांचा माणूस रस्त्यावरूनच ओरडला, "ओ, मीठ टाका ते खाली! बाईंना सांगू?" झांजवाल्याने मुकाट मीठ झटकलं. लालबागेतही तशीच करडी नजर होती, कारण तिथे स्वतः गुणाजी फेरी मारत. फेरी मारता मारता दोघा बुवांना एकमेकांच्या घरचा चहा आवडायला लागला, हे दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात दोन्ही मंडळं दाटीवाटीने उभी होती. आतून ऋग्वेदाबाई आणि नूपुर मॅडम एकत्रच बाहेर आल्या. बाईंचे डोळे लखलखत होते.

"हिरड्यांची सूज आणि रक्त, दोन्ही बाबतीत झाडपाल्याची गुळणी औषधी गुळणीच्या बरोबरीने उतरली," त्या म्हणाल्या. "कमी नाही, जास्त नाही. आणि दातांवर डाग नाहीत, चवीची तक्रार नाही. आमचा गट लहान आहे, पुढे मोठ्या गटावर पाहावं लागेल. ब्रश आणि दात साफ करणं कुणाला चुकणार नाही. पण यावेळचं काम अस्सल आहे. कुणीही येऊन तपासावं."

"आणि मी?" बुवांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "मी कशात होतो?"

नूपुर मॅडम हसल्या. "बाभळीत, बुवा. यावेळी खरोखरच."

बाईंनी त्यांना बाकावर बसवून, तोंड उघडायला लावून समोरचे दोन दात बोटाने हलवून पाहिले. बसलेल्या हिरडीत दोन्ही दात घट्ट रोवलेले होते.

गुणाजीबुवा उठले आणि त्या वयात, त्या व्हरांड्यात, दोन्ही हात वर करून चक्क नाचले. झांजवाला खिशात झांजा घेऊनच आला होता, त्याने ठेका धरला. रांगेतल्या पेशंटांना वाटलं कुणाला मुलगा झाला.

शामरावांना मात्र काही उमगेना. "अरे गुणाजी, सामना बरोबरीत सुटला," ते म्हणाले. "जिंकलं कोणीच नाही. जन्मभर तुला बरोबरी पचली नाही, नि आज नाचतोस काय?"

"शामराव," गुणाजीबुवा धापा टाकत म्हणाले, "ती बाटली हरली असती तर माझे दात तरी गेले असते, नाहीतर जीभ. बरोबरी झाली म्हणून दोन्ही माझ्याकडे राहिले. आता रविवारी समोर बस आणि ऐक, हे दोन्ही घेऊन तुझी कशी सालं काढतो ते."