कावीळ म्हणून सांगितलं

माझ्या भाचीने पहिल्यांदा जीव द्यायचा प्रयत्न केला तेव्हा ती अमळनेरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वाचली. धुळ्याच्या दवाखान्यातून तिला घरी नेताना तिच्या वडिलांनी, माझ्या थोरल्या भावाने, गाडीतच सगळ्यांना बजावलं, "गावात कावीळ झाली होती म्हणून सांगायचं." ती काचेला डोकं टेकून बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मला भावाचा संताप आला आणि कीवही आली, कारण बोलताना त्याची हनुवटी थरथरत होती.

निघण्यापूर्वी मनाच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं होतं. पोरीचं मन बऱ्याच दिवसांपासून आजारी आहे, एकच एक कारण शोधत बसू नका. एकदा असं केलेल्या पोराला पुढचे काही महिने फार धोका असतो. गोळ्या मध्येच सोडू नका, तिला एकटं पाडू नका, दाखवायला परत आणा. भाऊ प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. शाळेत मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, त्यामुळे नुसती हलणारी मान मला ओळखू येते.

धरणगावजवळचं आमचं गाव कावीळ म्हटल्यावर स्वस्थ बसणारं नाही. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळे. आलेली प्रत्येक बाई तिची पापणी खाली ओढून बघायची आणि डोळे निवळल्याचा निकाल द्यायची, "आते डोया साफ शेतस." लोकांसमोर खोटं पडायला नको म्हणून वहिनीने तिचं तेल-तिखट तोडलं. हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय घास न उतरणारी पोर नसलेल्या आजाराचं पथ्य पाळत फिकी खिचडी गिळत होती. ज्या आजाराने तिला मरणाच्या दारात नेलं, त्याचं नाव घरात निघत नव्हतं.

मग शेजारच्या गावाहून कावीळ उतरवणारे आबा आले. त्यांना नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? परातीत तिचे हात धरून त्यांनी चुन्याच्या पाण्याने धुतले. पाणी पिवळं झालं. बायका पुढे सरकून बघू लागल्या. माझे हात धुतले असते तरी पिवळंच निघालं असतं. भाची त्या पाण्याकडे एकटक बघत होती आणि मला वाटलं, आता ही हसेल किंवा किंचाळेल. तिने नुसते हात पुसले.

जाताना आबा म्हणाले, "यानावर इंग्रजी गोया चालतीस नही." झालं. वहिनीने गोळ्यांची पाकिटं कपाटात साड्यांखाली सारली. मी भांडले. वहिनी रडायला लागली, भाऊ हात जोडून म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे. लोकांचं येणं-जाणं थांबलं की चालू करू. पुढं तिचं लगीन करनं शे." गाढवापुढे वाचली गीता, असं तोंडावर बोलून मी धुळ्याला माझ्या घरी परतले. रोज फोन करायचे. वहिनी सांगायची, चांगली आहे, जेवते, झोपते. फोन तिच्याकडे दे म्हटलं की भाची म्हणायची, "बरी आहे, आत्या."

कपाशीची वेचणी चालू असताना तिने पुन्हा तेच केलं.

या वेळीही वाचली. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ माझ्याजवळ आला. दाढी वाढलेली, पायात कोणाच्या तरी चपला. हलक्या आवाजात म्हणाला, "आते गावले काय सांगू? कावीळ उलटनी म्हनू का?"

मी त्याच्यावर ओरडले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आजूबाजूची माणसं थांबून बघत होती आणि तो लहान पोरासारखा भिंतीला टेकून खाली बसला. त्याला बापासारखं रडताही येत नव्हतं, कारण कावीळ झालेल्या पोरीसाठी कोण इतकं रडतं?

मी भाचीला माझ्या घरी घेऊन आले. गोळ्या मी देते, डॉक्टरांकडे मी नेते. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला पटायला वेळ लागला: मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. आम्ही सगळे विचारायलाच घाबरत होतो. भूत नाव घेतल्याने येतं, अशी आमची समजूत.

घरी येऊन महिना होत आला होता. एका सकाळी चहा ओतताना मी धीर केला. तिच्याकडे न बघता विचारलं, "परत मरावंसं वाटतं का गं?"

तिने आपला कप पुढे ओढला.

"काल वाटत होतं," ती म्हणाली.

काल आम्ही दोघी आग्रा रोडच्या बाजारात ड्रेसचं कापड घ्यायला गेलो होतो. तिने दुकानदाराशी घासाघीस केली होती, परत येताना रिक्षात माझ्या विसरभोळेपणावर पोट धरून हसली होती. रात्री मी भावाला आनंदाने फोन केला होता, पोर सुधरली म्हणून.

माझा कप भरून चहा ओट्यावर आला. तिने फडकं आणून ओटा पुसला आणि तिथेच पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आज नाही वाटत. पण तू उद्या पण विचार, आत्या. मला आपणहून सांगता येत नाही."