तुटक्या शेपटीचा सात

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा लिहून दोनदा खोडलं, कारण मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं, "लिही बाई, पण मला साधुसंत करू नकोस. मी जळत होतो म्हणजे जळतच होतो." तर आता जसं झालं तसंच सांगायचं, गोडगोड करायचं नाही.

मिस्त्री बंदुका दुरुस्त करतात. वय अडुसष्ट. चपला शिवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे त्यांचं दुकान, इतकं चिंचोळं की बंदूक आडवी धरून आत शिरता येत नाही. तरुणपणी बावीस वर्षं सरकारी शस्त्रागारात काढली. आता बंदुका कोण आणतंय? त्यामुळे दिवसभर ते कुलपं उघडतात, शिलाई मशिनींना तेल घालतात आणि उरलेल्या वेळात साडूवर जळतात.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत इतिहास शिकवायचे, पण सगळे त्यांना प्रोफेसर म्हणतात. निवृत्त झाल्यापासून संग्रहालयाचे सल्लागार आहेत. कुठे जुनी तलवार सापडली की बोलवा प्रोफेसरांना, नाणं सापडलं की बोलवा प्रोफेसरांना, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तो फोटो कापून मिस्त्रींच्याच फ्रिजवर.

"भाऊजी किती रुबाबदार आलेत," बायको म्हणायची.

"बंदूक उलटी धरलीय त्यांनी."

"तुमचं आपलं काहीतरीच."

पाणी प्यायला फ्रिज उघडावा तर समोर साडू. मिस्त्री माठातलं पाणी प्यायला लागले. एकदा, फक्त एकदा, बायकोसमोर साडू चुकावा आणि आपण बरोबर निघावं, बाकी त्यांना काही नको होतं.

एका सोमवारी संग्रहालयाच्या बाई कापडात गुंडाळलेली एक जुनी लष्करी रायफल घेऊन आल्या. कुणाच्या तरी घरातून आलेली, सगळी कागदपत्रं झालेली, नळी कायमची बंद केलेली. शनिवारी ती काचेच्या कपाटात जाणार होती.

"प्रोफेसरांनी सगळं शोधून काढलंय," बाई म्हणाल्या. "परदेशी कारखाना, साल एकोणीसशे सात. आणि बोल्टवरचा नंबर, नळीवरचा नंबर, सगळे एकच. म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच्या तशी, एकही भाग बदललेला नाही. तुम्ही फक्त गंज काढून द्या."

ते "फक्त" मिस्त्रींना झोंबलं.

बाई गेल्या आणि मिस्त्रींनी शटर अर्धं ओढलं. गंज राहिला बाजूला, आधी साडूची चूक शोधायची. लाकूड सोडवलं, नळीच्या पोटाखाली बघितलं. तिथे कारखान्याचं चिन्ह आणि खाली साल, स्पष्ट, एकोणीसशे सात. प्रोफेसरांनी लाकडाला हात न लावता, नुसत्या पुस्तकांवरून आणि वरच्या शिक्क्यांवरून अचूक साल काढलं होतं. त्या दुपारी मिस्त्रींना डबा गेला नाही.

मग त्यांनी बोल्ट काढला. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, त्याच्या मुठीवर रायफलचाच नंबर असतो. ५२४७. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला.

साताची शेपटी तुटकी होती.

तो ठसा ते ओळखत होते. कपाटाखालून त्यांनी बिस्किटांचा डबा ओढला, त्यात शस्त्रागारातून निघताना आणलेले, आकडे ठोकायचे जुने पोलादी ठसे. सातचा ठसा टोकाला उडालेला. शिशाच्या तुकड्यावर मारून बघितला. तीच तुटकी शेपटी.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एक ट्रे पडला होता. वीस रायफलींचे बोल्ट जमिनीवर, आणि त्यातला एक मोडला. नियम साधा होता: दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला तर मापानं तपासायचा, जुन्या नंबरावर रेघ मारायची आणि शेजारी नवा ठोकायचा. म्हणजे पुढच्याला कळतं. पण रेघ दिसली असती तर ट्रे पडल्याचं साहेबांना कळलं असतं, आणि साहेब सगळ्यांसमोर आईबापांचा उद्धार करायचे. मिस्त्रींनी भंगारातल्या एका रायफलीचा बोल्ट घेतला, माप घेतलं, बरोबर बसतोय एवढं पाहिलं, आणि त्याचा जुना नंबर कानशीनं घासून उडवला. त्यावर नवा ठोकला. कुणाला कळलं नाही, आणि पुढे ती रायफल लिलावात गेली.

म्हणजे साडू चुकला होता. रायफल जशीच्या तशी नव्हती. आणि तो चुकला होता मिस्त्रींच्या लबाडीमुळे. त्याची चूक चारचौघांत दाखवायची तर आधी स्वतःची दाखवावी लागणार.

चार दिवस मिस्त्री घरात असे फिरले की बायकोनं विचारलं, "दाढ दुखतेय का?"

शुक्रवारी त्यांनी गंज काढून रायफल परत केली आणि तोंड बंद ठेवलं. झाकून टाकू, कोणाच्या बापाला कळतंय. पण शनिवारी पाहुण्यांसमोर प्रोफेसर माइकवर उभे राहिले, बोल्टकडे बोट करून म्हणाले, "हा नंबर बघा. शंभर वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही याला." आणि पहिल्या रांगेत बसलेली मिस्त्रींची बायको अशी कौतुकानं हसली, अशी हसली, की मिस्त्री उभे राहिले.

"लागलाय," ते म्हणाले. "माझा."

सगळं सांगितलं. ट्रे, साहेब, कानस. खिशातून ठसा काढून दाखवला. "उजेडात तिरका धरा, घासलेला खळगा दिसेल. साल बरोबर आहे साडूभाऊ, साल तुमचंच. पण बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे."

प्रोफेसरांचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणतात, तो क्षण अजून रोज एकदा आठवतात, चहाबरोबर. पण मग प्रोफेसरांनी काय करावं? चष्मा पुसला, बोल्ट तिरका धरून बघितला आणि माइकवर म्हणाले, "मी चुकलो. आता पाटी नव्यानं लिहितो." टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, संशोधकाचा प्रांजळपणा. फोटो प्रोफेसरांचा. मिस्त्रींचं फक्त कोपर आलं होतं.

"कबुली मी दिली," मिस्त्री बायकोला म्हणाले, "आणि प्रांजळ तो?"

बायको उठली. कात्री घेतली, फोटो कापला, प्रोफेसरांना बरोबर मधोमध कापून बाजूला ठेवलं आणि ते कोपर फ्रिजवर लावलं.

"खुश?"

"अजून थोडं वर लाव," मिस्त्री म्हणाले.

काचेच्या कपाटात आता दोन ओळी आहेत: नळी परदेशी, एकोणीसशे सात, बोल्ट नंतर बदललेला, माहिती स्थानिक कारागिराकडून. कारागिराचं नावगाव काही नाही. ते वाचून मिस्त्री पुन्हा जळायला लागलेत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे.

म्हणून एवढंच. पुढच्या महिन्यात ते बंदूक दुरुस्तीचा परवाना परत देणार आहेत, डोळ्यांना बारीक ठसे दिसेनासे झालेत. त्याआधी जा. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, शटर अर्धं असलं तरी वाकून आत जा, बिस्किटांचा डबा उघडायला सांगा आणि सातचा ठसा हातात घेऊन बघा. आणि एवढं कराच, संग्रहालय नंतर बघा. आधी त्या बोल्टचं त्यांना विचारा.