चांदीच्या कड्यावरच्या दोन खाचा

ती घटना आठवली की आजही मला आधी एका मेंढीचा कान दिसतो.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जवळा बाजारचा आठवडी बाजार होता, त्यामुळे निम्मा स्टाफ बंदोबस्ताला गेलेला. एक मेंढपाळ बाई आत आली आणि माझ्यासमोर खाली बसली. खुर्ची दिली तरी घेईना.

"साहेब, तकरार न्हाई करायची. इचारायचंय," ती म्हणाली. "एक माणूस आमच्याकडं येऊन राहिला. जमिनीतून चांदी काढतो म्हंतो. मंग त्याला माझी चांदी काहून लागते?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. चांदीच्या खाणी शोधणारी एक छोटी कंपनी आहे, तिच्यात आज चांदी गुंतवा, दहा वर्षांनी दहापट घ्या, असं तो माणूस वाड्यावस्त्यांवर सांगत फिरत होता. बाईनं दरसाल कोकरं विकून थोडी थोडी चांदी जमवली होती, तिची चार कडी घडवली होती. नातीच्या लग्नासाठी ठेवलेली ती कडी तिनं त्याला देऊन टाकली होती. बदल्यात एक रंगीत कागद मिळाला होता.

त्याला चौकशीला बोलावलं. माणूस गोड बोलणारा, आणि विषय पक्का माहीत असलेला. अशा कंपन्या आधी जमीन शोधतात, खोल भोकं पाडतात, दगड तपासायला पाठवतात, हे त्यानं इतकं छान समजावलं की मी चौकशी विसरून ऐकतच बसलो. शेवटी म्हणाला, "साहेब, दहा वर्षं झालीच नाहीत, मग फसवणूक कसली? चांदी कंपनीच्या लॉकरमध्ये सुरक्षित आहे."

मुद्दा बिनतोड होता. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, अशा खऱ्या कंपन्या असतात, पण त्यांच्या अहवालांत अपयशच जास्त असतं. दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला विचारलं, "रिकामी गेलेली भोकं कोणती?" तो बॅग उचलून निघायच्या तयारीला लागला.

मग त्याच्या बॅगेची झडती घेतली. तीत हिंगोलीतल्या एका सराफाची कापडी पिशवी निघाली. बाईला घेऊन आम्ही त्या सराफाकडे गेलो, तिथं जुन्या कड्यांचा ढीग होता. तो म्हणाला, चांदीवर कुणाचं नाव नसतं. बाईनं मात्र ढिगातून आपली चारही कडी वेगळी काढली. प्रत्येकाच्या आतल्या कडेला कानशीनं पाडलेल्या दोन खाचा होत्या.

"ही आमच्या कळपाची खूण," ती म्हणाली. "मेंढरू चुकलं तर कानावरून वळखू येतं. मंग कडं चुकलं तर?"

मी कळपातली एक मेंढी ठाण्यात आणायला सांगितली. स्टेशन डायरीत तिला साक्षीदार लिहू की मुद्देमाल, असं जमादारांनी अगदी गंभीरपणे विचारलं. आम्ही दोन मेंढपाळ पंच बोलावले. त्यांनी मेंढीच्या कानावरच्या दोन खाचा पाहिल्या, कडं पाहिलं आणि ही खूण दुसऱ्या कुणाच्या कळपात नाही, असं सांगून पंचनाम्यावर अंगठे उठवले. लॉकरची गोष्ट तिथंच संपली. संध्याकाळपर्यंत त्या कंपनीवाल्यानं सगळं कबूल केलं.

कोर्टाच्या आदेशानं कडी सुपूर्दनाम्यावर परत दिली, तेव्हा बाईनं ती पदरानं पुसली आणि विचारलं, "साहेब, आपल्याकडं खरंच चांदी हाय का हो खाली?" प्राध्यापकांनी 'नाही' असं सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. तिला थोडं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

कारण एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. त्या कंपनीचं माहितीपत्रक कुणीतरी आधीच ठाण्यात देऊन गेलं होतं आणि ते माझ्या खणात होतं. निवृत्तीनंतरचा विचार करून मी त्यातल्या 'दीर्घ मुदत' या शब्दांखाली रेघ मारून ठेवली होती. लोकांना प्रश्न विचारण्यात माझी उभी नोकरी गेली, पण त्या बाईचा प्रश्न मला सुचला नव्हता. माहीत नसलेल्या गोष्टीपुढं आपण हुशार दिसायला बघतो आणि साधं विचारायचं राहून जातं, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

आरोपपत्रासोबत मी ते पत्रकही पुरावा म्हणून जोडलं. ती रेघ कुणी मारली, हे कोर्टात कुणी विचारलं नाही.