एकदाच लावलेला कौल
माझा मावसभाऊ परदेशात क्वांटम संगणकावर काम करतो, हे दोन हजार सात-आठच्या सुमारास अख्ख्या कसाल गावाला ठाऊक होतं. मावशी बाजारात भेटेल त्याला तेच सांगायची. मी तिथल्याच एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होतो. बीएस्सीला गुण माझे जास्त, त्याची जर्नलं माझ्या जर्नलांवरून उतरवलेली. उगाच खोटं कशाला बोलू, त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं.

त्यात देवीनेही त्याचीच बाजू घेतलेली. पुढे शिकायला बाहेर जावं का, म्हणून दोघांच्याही घरच्यांनी गावच्या देवळात कौल लावला होता. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझी डावी पडली. भरलेला अर्ज मी ट्रंकेत ठेवून दिला. आठवड्याने मावशी पेढे घेऊन आली. त्याला उजवा कौल मिळाला होता.

तो सुट्टीवर आला तेव्हा हेडमास्तरांनी शाळेत त्याचं भाषण ठेवलं आणि ओळख करून द्यायला नेमकं मलाच उभं केलं. मी दोन वाक्यांत उरकलं. मनात म्हटलं, आता झाड इंग्रजी आणि झोपव सगळ्यांना. पण हा बेटा थेट कौलावरच आला. म्हणाला, आपल्या संगणकातला बिट म्हणजे पडून गेलेली पाकळी, डावी नाहीतर उजवी. आमचा क्यूबिट अजून पडलेला नसतो, हो आणि नाही दोन्ही त्याच्यात असतात. पण जरा ऊब लागली, धक्का लागला की बिघडलाच. म्हणून त्याला बर्फापेक्षा कितीतरी थंड जागी ठेवायचं, तरी चुका होतातच. अजून जेमतेम मूठभर क्यूबिट एकत्र नांदवता आलेत.

"म्हणून एका उत्तरावर आम्ही विसंबत नाही," तो म्हणाला. "तेच गणित पुन्हा पुन्हा लावतो."

पोरं कान देऊन ऐकत होती. माझ्या तासाला ती अशी कधी बसली नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना मी खवचटपणे म्हटलं, "तुझा बरा आसा रे. तुका देवीनच उजवो कौल दिल्यान."

तो हसला. "खंयचो उजवो? पयलो डावोच दिल्यान. आये म्हणाली, वारो लागलो आसतलो, परत लावा. परत डावो. तिसऱ्या खेपेक उजवो इलो."

मी चहा तसाच ठेवला. गुरवाने तेव्हा मलाही विचारलं होतं, परत लावू काय म्हणून. आईने माझ्याकडे बघितलं होतं. नको, असं मीच म्हटलं होतं. डावी पाकळी पडली तेव्हा मला हायसं वाटलं होतं.