सोमवारचा पाचवा आवाज

माणसाला दमवण्याचे जगात जेवढे मार्ग आहेत, तेवढे सगळे आमच्या मामेसासऱ्यांना तोंडपाठ आहेत, आणि त्यांतले बहुतेक त्यांनी माझ्यावर करून पाहिले आहेत. मामेसासरे म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. वय अठ्ठ्याहत्तर, अंगकाठी सुपारीच्या झाडासारखी, आणि हौस एवढी की चार तरण्या माणसांत वाटली तरी शिल्लक राहील. लोकांचे मामेसासरे आंब्याची पेटी पाठवतात. माझी रत्नागिरीला बदली झाली त्या आठवड्यात माझ्या मामेसासऱ्यांनी मला एक सूर दिला. अकरा वर्षं झाली, तो मी अजून धरून उभा आहे.

मामा बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. एकदा अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात बोट दुरुस्तीला अडकली, म्हणून मामा केस कापायला गेले, तर त्या दुकानात चार म्हातारे गात बसलेले. पेटी नाही, तबला नाही. चौघांचे चार सूर वेगळे, पण गाणं एकच. या प्रकाराला तिकडे बार्बरशॉप म्हणतात. मामा म्हणतात, चौघांचे सूर अगदी काटेकोर जुळले की डोक्यावर एक पाचवा आवाज ऐकू येतो, जो चौघांतलं कुणीच गात नसतं. त्या दिवशी मामांनी तो ऐकला आणि अर्धे केस कापलेल्या अवस्थेत खुर्चीतून उठले. बोटी सुटल्या, पेन्शन आलं, दात गेले, पण तो आवाज काही डोक्यातून गेला नाही. "जावईबापू, डोळे मिटायच्या आधी तो एकदा रत्नागिरीत ऐकायचाय. मग मी मोकळा," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मला वाटलं, दोन-तीन महिन्यांचं काम असेल. कर्म माझं!

गाणं न्हाव्याच्या दुकानातलं, म्हणून ते न्हाव्याच्या दुकानातच गायचं, हा मामांचा नियम. खालच्या आळीत दिगूचं सलून आहे, ते सोमवारी बंद असतं. म्हणून दर सोमवारी, शटर अर्धं ओढून, तालीम. दिगूचा गळा गोड, त्याच्याकडे गाण्याची मूळ चाल. खर्जाला मिरकरवाड्याचा एक तांडेल, मच्छीमार होडीचा म्होरक्या. चाळीस वर्षं होडीच्या इंजिनावरून ओरडून त्याचा आवाज असा झालाय की तो नुसता "बसा वो" म्हणाला तरी बाकडं हलतं. चालीच्या वरचा बारीक सूर खुद्द मामांचा. आणि मी? "तिघांनी घेतल्यावर जो सूर उरेल, तो तुमचा," मामा म्हणाले. म्हणजे मी अकरा वर्षं जे गातो, त्याला स्वतःची चालच नाही. घरी गुणगुणलो तर ही विचारते, बरं वाटत नाही का?

गाण्यांची मांडणी मामा स्वतः करतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, सारेगमच्या चार ओळी. दिगूची निळी, तांडेलची हिरवी, स्वतःची लाल, आणि माझी पेन्सिलनं. का, तर माझी सारखी खोडावी लागते. खिशात एक गोल पिपाणी असते, सूर काढून देण्याची. ती ते कुठेही वाजवतात. पुतणीच्या लग्नात भटजी मंगलाष्टकांना सुरुवात करणार, तोच मामांनी पिपाणी वाजवून त्यांना वरचा सा दिला. भटजींनी तो घेतला आणि दुसऱ्या कडव्यात त्यांचा घसा बसला. घरात मिक्सर लागला की मामा त्याच्या घरघरीवर पंचम लावतात आणि मामींना म्हणतात, "बंद करू नको गो, आत्ता कुठे लागलाय!" मामी म्हणतात, "चटणीचं पीठ झालं तरी चालेल, ह्यांचा सूर लागू दे. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी ह्यांना ऐकू जात नाही, आणि दुसऱ्याचा सूर जरा ढळला की कान टवकारतात!" आम्ही हसायचो. कुकरचं कुणी मनावर घेतलं नाही.

एका गणपतीत दिगूच्या घरी मामांनी आरती चार सुरांत बसवली. सहा महिने तालीम. पहिलं कडवं आम्ही बरं रेटलं. मग आळीतली मंडळी टाळ घेऊन आत शिरली आणि सगळ्यांनी आपली नेहमीची चाल उचलली. आता आरतीत शंभर माणसं एक सूर लावत असताना वेगळा सूर धरून ठेवायला छाती लागते. आमच्यात ती कुणाकडे? जन्मापासूनची सवय! आधी तांडेल घसरला, मग मी, आणि पुढच्या ओळीला आम्ही दोघंही टाळ्या वाजवत सगळ्यांच्या चालीत. मामा एकटे डोळे मिटून वरचा सूर लावून उभे. शेजारची एक बाई कळवळून म्हणाली, "म्हाताऱ्या आजोबांना सूर सापडत नाय वाटतं." मामांनी ते ऐकलं. प्रसाद न घेता ते घरी गेले. मला त्या दिवशी माझी फार लाज वाटली.

पण दमणं वेगळं आणि लाज वेगळी. ऑफिसातून थकून आल्यावर एकच ओळ चाळीस वेळा म्हणायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. मग मी एक युक्ती काढली. आठ वाजले की ओळ संपताना दचकून वर बघायचं आणि म्हणायचं, "मामा, आला! पाचवा आवाज आला!" मामा मान हलवायचे. "खोटं. माझ्या कानाला नाही आला. पुन्हा." दोन-तीन वर्षं मी हे केलं. एकदाही सुटका झाली नाही, उलट मामांचा माझ्यावरचा विश्वास तेवढा उडाला.

आणि मग यंदाच्या एका सोमवारी, मामांची आई म्हणायची त्या पाळण्याच्या शेवटच्या सुराला, तो आला. शप्पथ सांगतो, आला. माझा कंटाळलेला, उरलेला सूर त्या तिघांच्या मधे नेमका जाऊन बसला आणि आमच्या डोक्यावर काहीतरी बारीक, स्वच्छ वाजू लागलं. दिगूच्या फळीवरच्या बाटल्या थरथरल्या. माझ्या अंगावर काटा आला. दिगूच्या डोळ्यांत पाणी. आम्ही तिघांनी सूर सोडला.

"काय झालं? थांबलात का?" मामा म्हणाले.

"मामा, आला."

"पुरे हां, जावईबापू. आठ वाजले वाटतं."

तेव्हा माझ्या डोक्यात तो कुकर वाजला. मामांच्या कानांना वरचे, बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. कधीचेच झाले असतील. आणि ज्याच्यासाठी हा माणूस एवढी वर्षं जगला, ते खरं घडलं तेव्हा त्याला सांगणारा मी, आणि माझ्या शब्दाची किंमत मीच घालवलेली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

तांडेल सहसा बोलत नाही. तो उठला, मामांच्या समोर बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आला वो. देवाशप्पथ आला."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दिगूकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या कानाला हात लावला.

"कसा होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"दर्यावरनं होडी बंदरात घेताना घरची बाय लांबनं हाक मारते ना," तांडेल म्हणाला, "तसा."

"हां," मामा म्हणाले. "तसाच. तसाच होता तो." आणि पिपाणी खिशात ठेवून ते दिगूच्या खुर्चीत मागे टेकले.

मला वाटलं, आता सुटलो. पण मामा मोकळे झाले नाहीत. दर सोमवारी आम्ही अजून जातो. शेवटचा सूर लावला की मामा डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहतात. तिघांतून त्यांनी मलाच का निवडलं, हे मी विचारलेलं नाही. आवाज आला, तर मी बोट वर करतो. मग त्यांचा चेहरा असा फुलतो की बघवत नाही. पण बहुतेक वेळा तो येत नाही. आठ वाजून गेलेले असतात, पाय दुखत असतात, एक बोट उचललं की घरी जाता येईल हे मला ठाऊक असतं.

मी ते उचलत नाही. मामा म्हणतात, "पुन्हा." आणि मी पुन्हा माझा उरलेला सूर धरतो.